वाजता वाजता गप्प होणारा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प : एका दुरुस्तीचे प्रकरण

दुरुस्तीसाठी आलेला अ‍ॅम्प गिटारचा ४० वॅटचा कॉम्बो, म्हणजे स्पीकर त्याच पेटीत असलेला अ‍ॅम्प्लिफायर, होता. सुरुवातीच्या टप्प्यांसाठी तीन १२एएक्स७ व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या), शेवटच्या टप्प्यात दोन ६एल६जीसी (पुढे नुसते ६एल६), बारा इंची एक स्पीकर, स्प्रिंगचा रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारी सोय) आणि बाहेरची इफेक्ट पेटी जोडण्यासाठी सेंड व रिटर्न असे दोन जॅक, अशी त्याची रचना. आतली जोडणी छापील बोर्डांवर होती आणि व्हॉल्व्हची सॉकेटेही थेट त्या बोर्डांवरच बसवलेली होती. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते. अ‍ॅम्पचा मालक गोव्यात समुद्राकाठच्या हॉटेलांमध्ये वाजवणाऱ्या एका बँडचा गिटारवादक होता आणि त्याची तक्रार एका ओळीत मावणारी होती : वाजवता वाजवता आवाज जातो, काही वेळाने आपोआप परत येतो.

आमच्याकडे येण्यापूर्वी या तक्रारीवर बराच खर्च झाला होता. ६एल६ची नवी जोडी बसवून झाली होती, मधला १२एएक्स७ बदलून झाला होता, गिटारची केबल आणि पायाखालची पेडले बदलून झाली होती. प्रत्येक बदलानंतर अ‍ॅम्प एखाददुसरा कार्यक्रम नीट चालला आणि पुन्हा गप्प झाला. व्हॉल्व्ह असलेल्या यंत्रात काही बिघडले की संशयाची सुई प्रथम व्हॉल्व्हकडे वळते, कारण तोच एक भाग स्क्रूड्रायव्हरशिवाय बदलता येतो. व्हॉल्व्ह खराब होतात यात शंका नाही; परंतु वरचेवर जाणारा आणि स्वतःहून पूर्ववत होणारा आवाज हा बहुतेक वेळा यांत्रिक जोडाचा दोष असतो. झिजलेला व्हॉल्व्ह हळूहळू मंदावतो, कर्कश होतो किंवा फ्यूज उडवतो. तो कार्यक्रमाच्या मध्यावर झोपून शेवटच्या गाण्याला ताजातवाना होऊन क्वचितच उठतो.

म्हणून पेटी उघडण्याआधी वादकाला विचारलेला प्रश्न ‘आवाज केव्हा जातो’ हा नव्हता, तर ‘आवाज जातो कसा’ हा होता. थोडी आठवण करायला लावल्यावर त्याच्या बोलण्यातून दोन वेगळी वर्णने निघाली आणि तो स्वतः ती एकच समजत होता. कधी आवाज एकदम खाली बसतो, अगदी पातळ आणि दूरवरून आल्यासारखा ऐकू येतो, आणि जोरात एक कॉर्ड (अनेक तारांचा एकत्र झंकार) मारला की खाडकन परत येतो. हे अ‍ॅम्प सुरू केल्यापासून केव्हाही होते. कधी मात्र तो पाच-दहा सेकंदांत विरत जातो, मग कितीही जोरात वाजवले तरी काही होत नाही. हे नेहमी कार्यक्रम रंगल्यावर, अ‍ॅम्प चांगला तापल्यावरच होते. दोन्ही प्रसंगी समोरचा दिवा पेटलेला असतो आणि स्पीकरमधून बारीक सूं असा आवाज येत राहतो.

या शेवटच्या वाक्याने कामाचा अर्धा पसारा आवरला गेला. दिवाच विझला असता तर मेन्सची वायर, स्विच, फ्यूज आणि ट्रान्सफॉर्मरची प्राथमिक बाजू पाहावी लागली असती. दिवा चालू असूनही स्पीकर संपूर्ण मुका झाला असता, म्हणजे गुणगुण आणि सूं हेदेखील थांबले असते, तर स्पीकरचा प्लग, व्हॉइस कॉइलपर्यंत जाणाऱ्या लवचिक तारा, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि उच्च दाबाचा (व्होल्टेजचा) सप्लाय यांच्याकडे जावे लागले असते. तसा मुकेपणा धोक्याचाही असतो, कारण व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा स्पीकर तुटलेला असताना जोराने वाजवत राहिल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये निर्माण होणारा दाब त्याचे इन्सुलेशन फोडू शकतो. येथे शेवटच्या टप्प्याचा श्वास चालू होता, म्हणजे सिग्नल त्याच्या आधी कुठेतरी हरवत होता.

पुढे जाण्यापूर्वी जोखमीचा उल्लेख करणे भाग आहे. या वर्गाच्या अ‍ॅम्पमध्ये ६एल६च्या प्लेटवर, म्हणजे इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या भागावर, ४०० व्होल्टहून अधिक डीसी दाब असतो आणि प्लग काढल्यावरही सप्लाय स्थिर करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये तो साठून राहू शकतो. चेसिस (आतली जोडणी बसवलेली पत्र्याची चौकट) बाहेर काढल्यावर पहिले काम म्हणजे मोठ्या वॅटच्या रेझिस्टरमधून ते कपॅसिटर रिकामे करणे आणि मीटर लावून खात्री करणे; स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची पद्धत बाजारात दिसते, ती वाईट आहे. ज्याने असे दाब कधी हाताळलेले नाहीत त्याने पुढचे वर्णन केवळ समजून घेण्यासाठी वाचावे. पहिल्या दोषाची तपासणी मात्र पेटी न उघडताही करता येते.

तो पहिला दोष म्हणजे अचानक बसणारा आणि जोरकस कॉर्डने परतणारा आवाज. अशा अ‍ॅम्पमध्ये सुरुवातीच्या टप्प्यांतून आलेला सिग्नल सेंडच्या जॅकवर येतो आणि तेथून रिटर्नच्या जॅकमार्गे शेवटच्या टप्प्यात शिरतो. रिटर्नमध्ये काहीही खोचलेले नसते तेव्हा त्या जॅकच्या आतली एक पातळ धातूची पट्टी दुसऱ्या पट्टीला टेकून हा मार्ग जोडते. म्हणजे ज्या वादकाने मागचे जॅक आयुष्यात वापरले नाहीत, त्याचा प्रत्येक सूर त्या न वापरलेल्या जॅकमधूनच जात असतो. तपासणी अगदी सोपी आहे : एक छोटी केबल घेऊन सेंडपासून रिटर्नपर्यंत जोडावी. त्या पट्ट्या वगळल्या गेल्या आणि आवाज स्थिर राहिला, तर दोष तेथेच आहे. आमच्या टेबलावर अ‍ॅम्पचा आवाज बसेपर्यंत हलक्या हाताने वाजवत राहिलो, तो बसताच केबल खोचली आणि आवाज पूर्ण ताकदीने परतला. केबल काढून पुन्हा वाजवले तर तो काही वेळ चालला, कारण प्लग आत-बाहेर झाल्याने पट्ट्या एकमेकींवर घासल्या गेल्या होत्या. यामुळेच असा दोष दुरुस्ती करणाऱ्यासमोर लपतो.

जोराच्या कॉर्डने तो का बरा होतो, याचे कारण मनोरंजक आहे. धातूच्या पट्टीवर हवेतील ओल, क्षार आणि गंधकाच्या अंशामुळे अतिशय पातळ थर चढतो. मेन्सच्या स्विचमधून मोठा विद्युतप्रवाह जातो आणि त्या ओघात असा थर टिकत नाही. परंतु सेंड-रिटर्नच्या मार्गावर फक्त क्षीण सिग्नल असतो, डीसी प्रवाह जवळपास नसतो, त्यामुळे थर फोडायला काहीच मिळत नाही. मऊ वाजवलेला सूर तेथे अडतो, तर जोराच्या कॉर्डचा दाब थराला क्षणभर भेदतो आणि मार्ग मोकळा होतो. अडल्यावरही जो पातळ आवाज ऐकू येतो तो शेजारच्या पट्ट्यांमधल्या धारकतेतून झिरपणारा असतो, म्हणूनच त्यात खालचे सूर नसतात. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर, पावसाळ्याचे चार महिने बंद खोलीत पडून राहिलेल्या अ‍ॅम्पमध्ये हा दोष इतका नेमाने दिसतो की ऑक्टोबरात आलेल्या पेटीचे जॅक आम्ही विचारल्याशिवायही तपासतो.

काँटॅक्ट क्लीनर फवारून आणि प्लग फिरवून हे जॅक साफ होतात व बऱ्याच वेळा तेवढे पुरेसे असते. या अ‍ॅम्पमध्ये मात्र पट्टीवर हिरवट डाग पडले होते आणि तिचा ताणही कमी झाला होता. सँडपेपरने घासल्यास मुलामा निघतो आणि उघडा पडलेला धातू पुढच्या पावसाळ्यात आणखी लवकर गंजतो, म्हणून दोन्ही जॅक काढून बंदिस्त प्लास्टिकच्या खोक्याचे नवे बसवले.

येथे अ‍ॅम्प परत देणे सोपे होते, आणि टेबलावर तो उत्तम वाजतही होता. पण वादकाने सांगितलेले दुसरे वर्णन या दोषात बसत नव्हते. जॅकचा दोष क्षणात लागतो आणि क्षणात जातो. सेकंदागणिक विरणारा आवाज तेथून येऊ शकत नाही. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये जी गोष्ट सावकाश विझते ती म्हणजे कॅथोडची, अर्थात इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाची, उष्णता. गॅस बंद केल्यावरही तवा काही वेळ गरम राहतो, तसा त्याला तापवणाऱ्या हीटरचा प्रवाह तुटल्यावरही कॅथोड काही सेकंद इलेक्ट्रॉन सोडत राहतो आणि आवाज हळूहळू मावळतो. जोड पुन्हा लागला तरी आवाज लगेच येत नाही, कॅथोड तापायला दहा-पंधरा सेकंद जातात. म्हणून या विरण्याचे वर्णन ऐकतानाच हीटरच्या मार्गावर संशय होता.

संशय सिद्ध करण्यात मोठी अडचण ही की उघड्या टेबलावर दोष येतच नव्हता. चेसिस लाकडी पेटीतून काढून उलटे ठेवले की बोर्डाला मोकळी हवा मिळते. पेटीत बसवलेल्या अवस्थेत मात्र व्हॉल्व्ह खाली लोंबतात आणि त्यांची उष्णता सरळ वर, म्हणजे सॉकेट व बोर्ड यांच्याकडे चढते. भरीला बारा इंची स्पीकर त्याच पेटीला हादरे देत असतो. तेव्हा चेसिस पुन्हा पेटीत बसवले आणि प्लग काढून, कपॅसिटर रिकामे करून, ठरलेल्या बिंदूंवर आधीच इन्सुलेटेड क्लिप लावून त्यांच्या तारा मागच्या फटीतून बाहेर आणल्या. मीटर आणि तारा एक हजार व्होल्टच्या क्षमतेच्या होत्या. स्पीकर मुद्दाम जोडलेला ठेवला, कारण डमी लोडवर (स्पीकरऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर) कान शांत राहतात पण पेटीही शांत राहते आणि हादऱ्याचा दोष तसाच झाकलेला राहतो. मग गिटारच्या जागी एक रेकॉर्ड केलेला गिटारचा तुकडा सतत वाजत ठेवला आणि इतर कामे हाती घेतली.

पाऊण तासाच्या आसपास आवाज विरू लागला. पहिली चाचणी हाताने केली : पेटीला बाजूने एक धक्का दिला. रिव्हर्बच्या स्प्रिंगचा खणखणाट स्पीकरमधून मोठ्याने ऐकू आला. या अ‍ॅम्पमध्ये रिव्हर्ब सेंडच्या जॅकच्या आधी मिसळला जातो, त्यामुळे स्प्रिंगपासून पुढचे सगळे, नवे जॅक, फेज इन्व्हर्टरचा (६एल६च्या जोडीला सिग्नल वाटून देणारा) १२एएक्स७ आणि ६एल६ची जोडी, जिवंत असल्याचे एका धक्क्यात कळले. जॅकच्या दोषाच्या वेळी हाच धक्का दिला असता तर खणखणाटही दबलेला ऐकू आला असता. मंचावर असलेल्या वादकालाही ही चाचणी करता येते आणि त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

दुसरी चाचणी मीटरची होती. मधल्या १२एएक्स७मध्ये दोन स्वतंत्र ट्रायोड असतात, म्हणजे प्रत्येकात कॅथोड, प्लेट आणि त्यांमधल्या प्रवाहावर ताबा ठेवणारी जाळी (ग्रिड). त्यांच्या प्लेट पिन १ आणि पिन ६वर. त्या दोन्हींना उच्च दाब देणाऱ्या रेझिस्टरच्या टोकांवर क्लिप लावलेल्या होत्या. नीट चालू असताना दोन्ही प्लेटवर दोनशे व्होल्टच्या आतबाहेर दाब होता. आवाज विरताना तो दोन्हीकडे एकाच वेळी चढत जाऊन सप्लायच्या दाबाला, म्हणजे तीनशेच्या पुढे, पोहोचला. अर्थ सरळ आहे : व्हॉल्व्हमधून प्रवाह थांबला की प्लेटच्या रेझिस्टरवर व्होल्टेज पडत नाही आणि प्लेट सप्लायच्या बरोबरीला येते. सप्लायच तुटला असता तर दाब उलट कमी झाला असता. कॅथोड किंवा ग्रिडचा एखादा जोड सुटला असता तर एकाच ट्रायोडवर परिणाम दिसला असता आणि तो एकदम दिसला असता.

दोन्ही प्लेट एकत्र चढल्या यातून आणखी एक नेमकी गोष्ट निघते. १२एएक्स७चा हीटर दोन भागांत असतो : पिन ४ आणि ५ ही दोन टोके, पिन ९ हा त्यांचा मध्य. ६.३ व्होल्टवर चालवताना ४ आणि ५ एकत्र जोडून एका तारेला आणि ९ दुसऱ्या तारेला लावतात. पिन ४चा किंवा ५चा जोड सुटला तर व्हॉल्व्हचा एकच अर्धा भाग थंड पडतो, दुसरा चालू राहतो. दोन्ही भाग एकदम थंड पडायला पिन ९ सुटावी लागते, किंवा ४ आणि ५ या दोघींना पुरवठा करणारा सामाईक मार्ग. आता त्या व्हॉल्व्हवरचे धातूचे टोपण काढले. शेजारच्या दोन १२एएक्स७मध्ये नारिंगी ठिपका दिसत होता, यात अंधार होता. हे टोपण आधीच काढून ठेवले असते तर मीटरशिवायही एवढे दिसले असते, हे खरे. पण दिसलेला अंधार पिन सांगत नाही. शिवाय टोपण व्हॉल्व्हला आधार देते, ते काढले तर हादऱ्याची परिस्थितीच बदलते.

या टप्प्यावर मोह होतो तो व्हॉल्व्ह उपसून दुसरा लावण्याचा, आणि नेमके तेच वादकाने पूर्वी केले होते. नवा व्हॉल्व्ह खोचताना सॉकेटवर जोर पडतो, तडा गेलेला जोड दाबाने पुन्हा टेकतो आणि अ‍ॅम्प एखादा कार्यक्रम व्यवस्थित चालतो. श्रेय मात्र नव्या व्हॉल्व्हला मिळते. मीटरची टोके थेट हीटरच्या पिनवर दाबून पाहण्यातही हाच धोका आहे, कारण टोकाच्या दाबानेच जोड लागतो आणि मीटर निर्दोष ६.३ व्होल्ट दाखवतो. बांबूच्या काडीने बोर्ड ठोकून दोष शोधण्याची जुनी आणि एरवी उत्तम पद्धत येथे फसवते ती वेगळ्या कारणाने. काडीच्या ठोक्याने जोड लागला तरी आवाज यायला दहा-पंधरा सेकंद जातात. तोवर ठोकणारा पुढच्या भागावर पोहोचलेला असतो आणि आवाज परतल्यावर निर्दोष भागाला दोषी ठरवतो. हीटरच्या दोषात ठोका द्यावा आणि घड्याळाकडे पाहत थांबावे.

अ‍ॅम्प बंद करून, थंड झाल्यावर बोर्ड बाहेर काढला. भिंगाखाली मधल्या सॉकेटच्या पिन ९भोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल रेघ दिसली. पिन आपल्या जागी, सोल्डर आपल्या जागी, फक्त दोघांमध्ये फट. कामगारांच्या भाषेत ड्राय सोल्डर. बोर्ड, पितळी पिन आणि सोल्डर हे तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. अ‍ॅम्प दर वेळी तापतो आणि निवतो, त्यात वाहतुकीचे हादरे आणि व्हॉल्व्ह वरचेवर काढण्या-घालण्याचा जोर यांची भर पडते. हा सगळा ताण सोल्डरच्या त्या छोट्या कड्यावर येतो. हाताने तारा जोडलेल्या जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये सॉकेट चेसिसच्या पत्र्यावर घट्ट बसवलेले असते आणि लवचिक तार ताण झेलते, म्हणून तेथे हा विशिष्ट दोष कमी आढळतो. यावरून छापील बोर्डाचे सगळे अ‍ॅम्प टाकाऊ ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. काळजीपूर्वक पुन्हा सोल्डर केलेले सॉकेट पुष्कळ वर्षे टिकते आणि ही दुरुस्ती स्वस्त आहे.

जुन्या जोडावर नुसते गरम सोल्डरिंग आयर्न टेकवून तो चमकवणे पुरेसे नसते, कारण थकलेले आणि काळवंडलेले सोल्डर तेथेच राहते. पंपाने जुने सोल्डर ओढून काढले, पिन आणि बोर्डावरचे तांबे साफ केले आणि ६३/३७ प्रमाणाचे शिशाचे नवे सोल्डर भरले. हे करताना सॉकेटमध्ये एक बाद व्हॉल्व्ह खोचून ठेवला होता. त्यामुळे आतल्या पकडी सरळ राहतात, नाहीतर थंड झाल्यावर पिना तिरक्या बसतात आणि खरा व्हॉल्व्ह घालताना पुन्हा ताण येतो. एका सॉकेटचा जोड तडकला तेथे बाकीच्यांचे आयुष्यही तेवढेच झालेले असते, म्हणून पाचही सॉकेटांच्या सर्व पिना त्याच पद्धतीने नव्याने जोडल्या. एका ६एल६च्या पिन ५वर रेघ उमटू लागलेली होती. ती वेळीच सापडली हे बरे झाले, कारण पिन ५ म्हणजे कंट्रोल ग्रिड. तिच्यावरचा प्रवाह आवरून धरणारा ऋण दाब, म्हणजे बायस, तुटला तर आवाज नुसता जात नाही, व्हॉल्व्हमधला प्रवाह बेफाम वाढतो, प्लेट लालभडक होते आणि फ्यूजने साथ दिली नाही तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जातो.

याच बोर्डावर उच्च दाबाच्या बाजूपासून दूर, रिव्हर्ब आणि चॅनेल बदलणाऱ्या रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला) कमी दाबाचा सप्लाय देणारे पाच वॅटचे दोन रेझिस्टर असतात. ते सतत तापतात, खालचा बोर्ड करपवतात आणि त्यांचेही जोड सुटतात. तसे झाले असते तर रिव्हर्ब आणि चॅनेल बदलणे दोन्ही एकदम बंद पडले असते. येथे स्प्रिंग खणखणत होती, म्हणून ते संशयितांच्या यादीत वर नव्हते. तरी बोर्ड हाती होता तेव्हा ते काढून, बोर्डापासून थोडे उंच ठेवून पुन्हा बसवले, जेणेकरून खालून हवा खेळेल.

शेवटी बायस तपासला. नव्या ६एल६ बसवताना तो कोणीच जुळवलेला नव्हता. कॅथोडच्या सामाईक एक ओहम रेझिस्टरवर ६० मिलीव्होल्ट, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिळून ६० मिलीअँपियर, अशा मापावर तो आणला. साधारण ४२० व्होल्टच्या प्लेटवर याचा हिशेब प्रत्येकी तेरा वॅटच्या जवळ येतो. ६एल६जीसीची मर्यादा ३० वॅटची असल्याने व्हॉल्व्ह आरामात चालतात, आणि गोव्याच्या उन्हाळ्यात मंचावर हा आराम उपयोगी पडतो. त्यानंतर अ‍ॅम्प पूर्ण पेटीत, पाठ भिंतीकडे करून, मुद्दाम कोंदट कोपऱ्यात वाजत ठेवला. एका संपूर्ण कार्यक्रमाहून जास्त वेळ चालूनही दोन्ही प्लेटचे आकडे जागचे हलले नाहीत.

वादकाने आधी काढून टाकलेली ६एल६ची जोडी आणि १२एएक्स७ सोबतच आणलेले होते. तिन्ही लावून पाहिले तर निरोगी निघाले, तेव्हा ते सुटे व्हॉल्व्ह म्हणून त्याच्याकडेच राहिले. एके काळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये असे व्हॉल्व्ह बनत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळत. आता नवा माल मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतो, आणि चांगली जोडी फेकण्याइतकी स्वस्त राहिलेली नाही. फिल्टर कपॅसिटरही वयाने थकत आले आहेत, पण अजून गुणगुण वाढलेली नाही किंवा त्यांच्या टोकाला फुगवटा आलेला नाही. ते काम पर्यटनाचा हंगाम संपल्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर करायचे ठरले आहे.